नवसाचं पटकूर

पहिली चिंधी

“माझं निळं पटकूर कुठंय?”

थोरलीने विचारलं तेव्हा मी अंगणात बसून बोटांना शेआच्या बियांचं लोणी चोळत होते. काजू वेचायचे दिवस. बोंडापासून बी पिळून काढताना चीक लागतो, कातडी काळी पडते आणि आठवड्याने सापाच्या कातेसारखी निघते.

“कुठलं पटकूर, अक्का?”

“भांड्यांच्या खोपीत खुंटीला होतं. निळीत बुडवलेलं. काठाला फाटलेलं.”

“ते होय. ते टाकाऊ होतं ना?”

“मी टाकलं होतं का?”

मी लोणी चोळत राहिले. नानतेनिन ही माझ्या नवऱ्याची पहिली बायको. मी सारान, दुसरी. एकवीस वर्षं एका अंगणात दोन चुली. तिचे दोघे मुलगे सिगिरीला सोन्याच्या खड्ड्यांवर गेलेले. माझी एकच, कांकू, बाळंतपणाला आलेली ती अजून माझ्याकडे होती. त्या सकाळी तिच्या सासरचा निरोप आला होता: शुक्रवारी घ्यायला येतो.

“त्या पटकुराचं आज काय काढलंत?”

“नवस आहे माझा. कांकू गावात आहे तोवर फेडायचाय. जिच्यासाठी बोलले तिनं बघायला नको? बोलताना अंगावर तेच होतं.”

“कांकूसाठी? तुम्ही?”

तिने हनुवटीने नुसतं दाखवलं. पलीकडे सावलीत कांकू सात महिन्यांच्या पोराच्या तोंडात फोनिओच्या बारीक दाण्यांची पेज घालत होती आणि तो ती हनुवटीवरून परत करत होता.

माझ्या हातातलं लोणी वितळून कोपरापर्यंत गेलं.

दुसरी चिंधी

पाऊसकाळ. कांकूच्या कळांचा तिसरा दिवस, दुपार. नदी फुगलेली, होडीवाला म्हणाला, मी मरेन आणि तीही मरेल. दवाखाना पलीकडच्या काठावर.

त्या वेळी थोरली आणि मी बोलत नव्हतो. आठ महिने झाले होते. पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती, सारानचं शेंगदाण्याचं कालवण म्हणजे हात धुतलेलं पाणी. एवढंच. एवढ्यावर आठ महिने.

त्या दुपारी ती उठली, डोक्यावर काही न घेता पावसात गेली. मला वाटलं, कंटाळून गेली. परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, लुंगी अंगाला चिकटलेली, निळ्या रंगाचे ओघळ पोटऱ्यांवर. चुलीत लाकूड सारलं, पाणी ठेवलं, कांकूच्या पाठीशी बसून तिला आपल्या छातीवर रेलवलं. मी पुढे होते. आम्हा दोघींच्या मध्ये कांकू. सूर्य बुडायच्या आत पोर बाहेर आलं, जांभळं. मग लाल झालं. मग ओरडलं.

नंतर थोरलीने ती ओली लुंगी बदलली आणि न धुता खुंटीला टांगली. मी पाहिलं होतं. मनात म्हटलं, आळशी बाई.

तिसरी चिंधी

हे सांगितलंच पाहिजे.

भात कापून झाल्यावर आमचा दीर मामुरु फडकं मागायला आला. गावाच्या उत्तरेला आंब्याभोवतीच्या जागेत त्याने काजूची रोपं लावली होती आणि भोवती मेढी ठोकल्या होत्या. मेढींवर काहीतरी रंगीत बांधायला हवं, म्हणाला, म्हणजे गुराख्यांना दुरून हद्द दिसेल.

मी खोपीत गेले. खुंटीवरचं निळं ओढलं. कुणाचं आहे ते मला माहीत होतं. म्हणूनच दातांनी फाडताना बरं वाटलं. वाळलेल्या चिखलाची चव आली. अकरा चिंध्या केल्या, अकरा मेढी होत्या म्हणून.

“लुंगी चांगली दिसतेय अजून,” मामुरु म्हणाला.

“असू दे,” मी म्हटलं.

कालवणाचं उट्टं मी असं काढलं.

चौथी चिंधी

थोरलीने पटकूर मागितलं त्याच रविवारी हे सगळं मी तिला सांगितलं. ती मारेल असं वाटलं होतं. तिने माझ्याकडे, मग माझ्या दातांकडे पाहिलं.

“दात चांगले आहेत तुझे,” म्हणाली. “चल.”

मामुरु कुंपणालगतच्या आपल्या जुन्या काजूबागेत ढिगापाशी उभा होता. त्याची बायको न्यालेन आणि वेचणाऱ्या बाया बोंडं पिळत होत्या. गोड आंबूस वास, माशा.

“काय धाकटे नवरोबा,” थोरलीने हाक मारली, “बायको एवढं ऊन तुडवत आली, पाणी तरी विचार.”

बाया हसल्या. धाकट्या दिराशी भावजयीने असंच बोलायचं असतं. मामुरुही हसला. “थोरल्या वहिनी, तुमची पावलं लागली की कच्ची बोंडंसुद्धा पिकतात.”

“मग माझ्या चिंध्या दे. त्या मेढींवरच्या. नवसाच्या आहेत.”

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे मेढींकडे गेले. “वहिनी, ती हद्दीची खूण आहे. गावच्या जाणत्यांना आणून दाखवलीय. एक जरी चिंधी निघाली तर उद्या म्हणतील, कसली हद्द?”

“दुसरं फडकं बांध. मी देते, लाल.”

“निळं बघितलंय त्यांनी. निळंच राहणार.”

“आणि पटकूर पुरायचं कुठं? आंब्याकडची वाट तुझ्या कुंपणातून आहे.”

“दुसरं झाड बघा की. हा आंबा हंगाम संपला की तोडायचाय. सावलीत काजू धरत नाही.”

बोंडं पिळणारे हात थांबले. त्या आंब्याच्या मुळांत आमच्या सासूचं पटकूर आहे, तिच्या सासूचं आहे. ज्या बाईचं मोठं दुखणं टळलं तिने तिथे पुरलेलं आहे. मोरिबायासा नाचून. हा नाच बाई आयुष्यात एकदा नाचते, फार तर दोनदा.

“खाली काय आहे ते माहितीये ना तुला?”

“चिंध्या, वहिनी. कुजल्या असतील एव्हाना.”

न्यालेनने हातातलं बोंड इतकं दाबलं की रस तिच्या स्वतःच्या डोळ्यात उडाला.

परतताना थोरली लंगडत होती. उजवा गुडघा, दोन वर्षांपासून. मी म्हटलं, “अक्का, मी जाऊन काढून आणते. अंधार पडला की.”

“चोरून? नवसाची वस्तू चोरून आणायची?”

“मग?”

“नवस फेडणाऱ्या बाईचा हात धरायचा नाही. ठाऊक आहे ना? त्या दिवशी ती वेडी. वेडीनं काय उचललं, काय ओढलं, कुणी विचारायचं नाही.” ती थांबली, गुडघा दाबला. “नाचत जाईन आणि दिवसाढवळ्या सोडवून घेईन. अकराच्या अकरा.”

पाचवी चिंधी

मोरिबायासा चिंध्या नेसूनच नाचतात, म्हणून आपल्या चिंध्या सुटेतोवर तिला नेसायला काहीतरी हवं. मी दारोदार गेले. थोरलीने पाठवलं नव्हतं.

लोहाराच्या म्हातारीने भाता पुसायचं फडकं दिलं, कोळशाने काळं. शेजारच्या फांताने पोराखालचं दिलं. “धुतलंय,” म्हणाली, मग, “तसं फार नाही.” एकीने पोत्याचा तुकडा दिला. एकीने नवऱ्याच्या अंगरख्याची बाही कापून दिली, नवरा समोर उभा असताना.

“अगं, तो मी घालतो!”

“एका बाहीनं घाला.”

न्यालेन विहिरीवर भेटली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या घागरीत काहीतरी कोंबलं. घरी येऊन पाहिलं तर डोक्याच्या रुमालाचा अर्धा भाग. नवाकोरा. मुद्दाम फाडलेला.

मी हे सगळं जोडत बसले. सुई वाकडी, टाके वाकडे. कांकू पोराला पाठीशी बांधून आली आणि समोर बसली.

“आई, थोरली आई माझ्यासाठी बोलली होती, हे तुला माहीत नव्हतं?”

“नव्हतं.”

“मला होतं.”

मी वर पाहिलं.

“बाहेरून आली आणि मला मागून धरलं तेव्हा कानात म्हणाली. म्हणाली, आंब्यापाशी बोलून आलेय, आता तू मरायचं नाही, मला तोंडघशी पाडायचं नाही.” कांकूने पोराचा पाय धरला. “गुडघा असा आहे म्हणून मी गप्प होते. वाटलं, विसरली तर बरं.”

सहावी चिंधी

नवरा: “शुक्रवारी व्याही येणार आणि गुरुवारी माझ्या घरची थोरली चिंध्या नेसून गावभर नाचणार?”

थोरली: “व्याही यायच्या आत आटपते.”

नवरा: “मामुरु माझा भाऊ आहे.”

थोरली: “माझाही दीर आहे. मी आले तेव्हा त्याचं नाक मी पुसायचे.”

नवरा: “लोक हसतील.”

थोरली: “हसायलाच हवं. हसले नाहीत तर नवस फिटत नाही.”

नवरा: “सारान, तू तरी समजाव.”

मी: “भात गार होतोय तुमचा.”

सातवी चिंधी

सोमवारी, मंगळवारी, उन्हं यायच्या आधी धान्याच्या कोठीमागे सराव. उखळ पालथं घालून मी मुसळाने ठोकायची, ती नाचायची.

पहिल्या दिवशी ती बावीस पावलांनी खाली बसली. मी मोजली होती.

“ठोकत नाहीस, कुटतेस तू,” ती म्हणाली. “माझा पाय म्हणजे फोनिओ आहे का? मध्ये जागा सोड. ढोल मध्ये जागा सोडतो, बाई त्या जागेत पाय ठेवते.”

मी जागा सोडली. तिने डावा पाय टाकला, उजवा नुसता टेकवला, कंबर वळवली, दोन्ही हात कोंबडीच्या पंखांसारखे मागे. साठीची बाई. गुडघ्यात काहीतरी कडकडलं ते मला मुसळाच्या आवाजातही ऐकू आलं. चेहऱ्यावर काही नाही.

संध्याकाळी मी निंबाच्या पाल्याचा शेक दिला. गुडघा गरम आणि गुळगुळीत, पिकायला आलेल्या भोपळ्यासारखा.

“तीन फेऱ्या आहेत,” मी म्हटलं. “दोन गावाभोवती, तिसरी कुंपणाची.”

“मला मोजता येतं.”

“पडलात तर?”

“तर तिथून पुढं रांगत.”

मंगळवारी शंभरावर गेली. मग मीच थांबले, माझे हात भरून आले म्हणून.

आठवी चिंधी

ढोलाशिवाय मोरिबायासा नाही. आणि आमच्या गावचा मोठा ढोल सेदुबा कोंदेकडे. थोरलीने मागणीचा मान म्हणून पाठवलेल्या दहा कोला-बिया त्याने परत पाठवल्या. मामुरुने त्याला आणि त्याच्या मुलांना काजू वेचायला ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, कुंपणापाशी ढोल आला तर उद्यापासून यायचं नाही.

बुधवारी सकाळी आम्ही दोघी त्याच्या दारात.

थोरली माहेरची त्राओरे. त्राओरे आणि कोंदे या दोन कुळांची थट्टेची सोयरीक पूर्वजांपासून. एकाने दुसऱ्याला काहीही म्हणावं, राग धरायचा नाही. आणि त्या नात्याने समोरासमोर मागितलेलं नाकारायचं नाही. नाकारलं तर अंगावर काय काय उठतं म्हणतात.

“माझा गुलाम उठला का?” थोरलीने अंगणातूनच आवाज दिला. “का रात्रीची चवळी पोटात गुरगुरतेय अजून?”

आत काहीतरी सांडलं. सेदुबा मागच्या दाराने निघाला तो सरळ न्हाणीच्या कुडात शिरला.

त्याची बायको बाहेर आली, तोंडावर हात धरून. “न्हातोय म्हणाला.”

“पाणी नेलं नाही,” मी म्हटलं.

“नाही नेलं.”

त्याचा डाव आमच्या लक्षात आला. मागणं कानावर पडलंच नाही तर नाकारलं असं होत नाही. थोरली त्याच्या अंगणातल्या उखळाजवळ बसली, पाय लांब केला आणि ओच्यातून शेंगा काढून फोडायला लागली.

“सेदुबा! चवळीखाऊ! किती वेळ न्हाशील?”

“मी ऐकत नाहीये!” कुडातून आवाज. “कानात बोटं आहेत माझ्या!”

“मग उत्तर कसं दिलंस?”

ऊन कुडावर आलं. आत न्हाणीत सावली नव्हती. सेदुबाची सून आली, पोरं जमली. कुणीतरी ओरडलं, “आजोबा, शिजाल!” थोरलीच्या शेंगा संपल्या. तिने टरफलं गोळा केली, त्याच्या बकरीला घातली. मग उखळ ओढून पालथं घातलं, मुसळ घेतलं आणि ढोलाची हाक ठोकली. मोरिबायासा सुरू व्हायच्या आधी मोठा ढोल जी हाक देतो, ती. चुकीची. शेवटचा ठोका मुद्दाम आधी टाकला.

कुडाच्या आत काहीतरी हललं.

तिने पुन्हा ठोकली. पुन्हा चुकीची.

“अगं बाई, शेवटचा उशिरा!” सेदुबा ओरडला. “उशिरा येतो तो!”

“कानात बोटं आहेत ना तुझ्या?”

तिसऱ्यांदा तिने हाक अर्ध्यावर सोडली. अंगण वाट बघत राहिलं. आणि मग कुडाच्या वाळक्या काठ्यांवर त्याच्या बोटांनी उरलेली अर्धी हाक वाजवली. शेवटचा ठोका जिथे यायचा तिथे, अगदी तिथेच.

तो बाहेर आला. घामाने निथळत होता. पाण्याशिवाय अंघोळ झाली होती. दोन्ही हात समोर धरून त्याने बोटांकडे पाहिलं, शेजाऱ्याच्या चोरट्या पोरांकडे पाहावं तसं.

“माग,” म्हणाला.

“त्राओरेच्या लेकीला कोंदेचा ढोल हवाय. उद्या. तीन फेऱ्या.”

“काम गेलं माझं.”

“गेलं,” थोरली म्हणाली. “कोला-बिया आता घे.”

नववी चिंधी

गुरुवार, सकाळची न्याहारी झाल्यावर. सेदुबाच्या मुलांनी गवत पेटवून ढोलाची कातडी शेकली. तीन ढोल, एकेकावर लोखंडी घंटा, आणि हातांनी वाजवायचा एक जेंबे.

थोरली घरातून बाहेर आली आणि सगळ्यांत आधी कांकू हसली. डोक्यावर फुटकी टोपली, गळ्यात काजूबियांची आणि जुन्या चपलेच्या तुकड्यांची माळ, अंगावर अख्ख्या गावाची फडकी, एका हातावर पुरुषी बाही. तोंडाला राख. ती मुद्दाम वाकडी चालली. पोरं किंचाळत मागे पळाली, परत आली.

सेदुबाने हाक दिली.

तिने पाय टाकला. तिचं गाणं तिनेच बांधलं होतं, एका ओळीचं: *बोलले होते, आले आहे.* आम्ही बायका मागून: *आली आहे, आली आहे.* टाळ्या, भोपळ्यांचे खुळखुळे. मशिदीपासून विहीर, विहिरीपासून लोहारवाडा. दारादारातून लोक निघाले. म्हाताऱ्याच्या काठीची नक्कल तिने म्हाताऱ्यासमोर केली. आमच्या नवऱ्यासमोर थांबली आणि गार भात खाणाऱ्या माणसासारखं तोंड केलं. तो हसायचा नाही म्हणून घट्ट उभा होता. मग फुटला, हात डोळ्यांवर घेऊन.

पहिली फेरी. दुसरी.

दुसरीत लोहारवाड्यापाशी तिचा उजवा पाय उचलेना. तिने तो ओढायला सुरुवात केली आणि ओढण्याचंच पाऊल केलं. बघणाऱ्यांना वाटलं नाचच असा आहे. सेदुबाला कळलं. त्याने घंटेच्या ठोक्यांमधली जागा वाढवली, एक पाय ओढायला जेवढी लागते तेवढी.

दहावी चिंधी

कुंपण.

पहिल्या मेढीपाशी तिने गाणं थांबवलं नाही. गाठ दातांनी सोडवली. चिंधी काखेखाली खोवली. दुसरी. तिसरी. ऊन-पावसाने निळा राखाडी झाला होता, पण गाठीच्या आतला निळा तसाच. वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या. चौथी. सेदुबाचे मुलगे मेढींच्या आत ढोल घेऊन आले, वाजवत आले. सातवी. आठवी. तिच्या ओठांवर राख आणि घामाचा चिखल झाला होता.

दहावी सुटली.

अकरावी मेढ मोकळी होती.

मी धावत गेले, मेढीभोवती गवतात पाहिलं. नाही. पलीकडे नाही. मी अकरा फाडल्या होत्या. रविवारी अकराच्या अकरा होत्या. पटकूर पुरं नसेल तर नवस पुरा नाही. आणि अर्धा नवस कुणाच्या अंगावर येतो ते मला कुणी सांगायला नको होतं. कांकू पोराला घेऊन ढोलांच्या मागे उभी होती. पोर टाळ्या वाजवायचा प्रयत्न करत होतं. त्याचे तळहात एकमेकांना सापडत नव्हते.

मग मला मामुरु दिसला. आंब्याच्या खोडाला पाठ लावून उभा, उजव्या हातात कोयता. डावा हात छातीशी. आदल्या दिवशी फांद्या छाटताना तळवा कापला होता त्याने. तळव्याभोवती फडकं.

निळं.

अकरावी चिंधी

थोरलीनेही पाहिलं. नाचत, ओढत त्याच्या समोर गेली आणि हात पसरला.

“वहिनी, जखम आहे,” मामुरु म्हणाला.

*बोलले होते, आले आहे.*

“बाकीच्या नेल्यात. मी काही म्हटलं का? ही एक राहू दे. हद्दीची खूण म्हणून.”

थोरली नाचता नाचता गावाकडे वळली. राखेतून दात दिसले. “ऐकलंत? एक चिंधी निघाली तर हद्द राहत नाही म्हणाला होता मला. पहिली चिंधी कुणी काढली?”

कुणीतरी खिदळलं. मग सगळेच. जाणत्यांपैकी एकाने दाढी चोळत मोकळ्या मेढीकडे पाहिलं, मग मामुरुच्या हाताकडे.

मामुरुने मूठ आवळली. निळ्यावर लाल उमटलं. त्याचा चेहरा बंद झाला. हसणं थांबलं. ढोल थांबले नाहीत. बाई नाचत असते तोवर ढोल थांबवता येत नाहीत. आणि ती थांबत नव्हती. हात पसरलेला, एक पाय रोवलेला, दुसरा ओढत त्याच्या समोर पुढे-मागे. सूर्य डोक्यावर आला. जेंबेवाल्याने हात बदलले. आंब्याची दोन पिकली फळं पडली, कुणी उचलली नाहीत.

तिचा रोवलेला पाय थरथरायला लागला. नवस फेडणाऱ्या बाईचा हात धरायचा नाही. खांदा द्यायचा नाही असं कुणी म्हटलेलं नाही. मी तिच्या उजव्या काखेत शिरले. राख, घाम, पोत्याचा वास. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं आणि आम्ही दोघी तीन चांगल्या पायांवर नाचलो. मला ते पाऊल येत नव्हतं. दोन दिवस मी फक्त मुसळ मारलं होतं. पण जागा कुठे आहे ते मला माहीत होतं. त्या जागेत मी पाय ठेवला.

“सारान,” ती गाण्यातच म्हणाली, “कुटू नकोस.”

तेव्हा न्यालेनने टोपली खाली ठेवली. काजू सांडले, तिने पाहिलं नाही. नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“हात इकडे करा.”

“तू मध्ये पडू नकोस.”

“मीच बांधलंय ते. मीच सोडते. हात.”

“ही जागा गेली तर काय खाशील?”

“जागा राहू द्या. रोपं राहू द्या. झाड तोडायचं नाही.” ती हळू बोलली, पण ढोलाच्या मधल्या जागेत बोलली, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. “माझंही एक बोललेलं आहे. या झाडापाशी. फिटायचंय अजून.”

मामुरुने तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. “काय बोललीस? कुणासाठी?”

“फिटल्यावर सांगेन.”

तिच्यासाठी, त्याच्यासाठी, का अजून न आलेल्या कुणासाठी, हे तो तिच्या तोंडावर शोधत राहिला. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. त्याने कोयता खोडाला टेकवला. मग मूठ उघडली.

न्यालेनने फेरे सोडवले. शेवटचा जखमेला चिकटला होता. ती वाकली, थुंकी लावली, अलगद काढला. आपल्या रुमालाचा उरलेला अर्धा भाग त्याच्या तळव्याभोवती गुंडाळला. निळी चिंधी थोरलीच्या हातावर ठेवली.

सेदुबाने ढोल थांबवला.

खुंटी

बायकांनी भोवती कडं केलं, पुरुषांनी पाठ फिरवली. थोरलीने सगळं उतरवलं, कांकूने आणलेली पांढरी लुंगी नेसली. मी आखूड कुदळीने आंब्याच्या दोन मुळांमध्ये खणलं. हातभर खाली काहीतरी मऊ, कुजलेलं लागलं. मी खणणं थांबवलं आणि थोडं बाजूला गेले. अकरा चिंध्या, गावाची फडकी, बाही, टोपली, सगळं आत. कांकूने पोराच्या मुठीत माती दिली. त्याने आधी ती खाल्ली, उरलेली टाकली.

शुक्रवारी व्याही आले, कोंबडी खाल्ली, कांकूला घेऊन गेले. जाताना ती थोरलीच्या पाया पडली, मग माझ्या. तेच बरोबर होतं.

सेदुबाचं काम गेलं नाही. शनिवारी मामुरुने स्वतः निरोप धाडला. मेढी अजून उभ्या आहेत, बिनरंगाच्या. गुरं आत जातात, बाहेर येतात. आंबा आहे.

थोरलीचा गुडघा मात्र पार गेला. नऊ दिवस झाले, ती अंगणातून उठलेली नाही. तिच्या चुलीचंही मीच करते. माझं कालवण ती काही न बोलता खाते, म्हणजे फारच दुखत असणार.

काल तिने बसल्या जागेवरून भांड्यांच्या खोपीत मान घातली.

“हे काय लटकतंय खुंटीला? पिवळं? चिकाचे डाग पडलेत. दे इकडे, भांडी पुसायला होईल.”

“हात लावू नका,” मी म्हटलं.

“धुवायचं तरी.”

“धुवायचंही नाही.”

ती त्या लुंगीकडे बघत राहिली. काठाला वाळलेली लाल माती होती, आंब्याखालची. मग माझ्याकडे. मग आपल्या गुडघ्याकडे.

“वेडी आहेस,” म्हणाली. “तू त्राओरे नाहीस. तुझ्यासाठी तो चवळीखाऊ ढोल काढेल का?”

“तुम्ही याल की त्याच्या दारात मागायला,” मी म्हटलं. “चालत.”